लाल दोऱ्याचा कार्बोरेटर

आमच्या घरामागून एक उघडी गटार वाहायची, आणि मिलमध्ये आज कोणता रंग चाललाय हे माय भांडी घासता घासता त्या पाण्याकडे बघून सांगायची. "आज मोरपंखी शे." "आज लाल. आबाच्या सदऱ्याचा डाग आज काही निघत नाही." आबा, म्हणजे माझे वडील, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कलर मास्टर होते. पार्टीने, म्हणजे गिऱ्हाईकाने, दिलेल्या चिंधीचा रंग बघायचा आणि तोच रंग हजारो मीटर कापडावर उतरवायचा, हे त्यांचं काम. माणूस बोलायला कंजूस, पण रंगावर बोलायला लागला की थांबायचा नाही. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती अशी आमची खिचडी होती. मायचं बोलणं मी इथे जरा सोपं करून लिहिते आहे, नाहीतर माझी नातसुद्धा वाचायची नाही. ती घरातही गुजरातीच झाडते.

दिवसभर यंत्रमागांची खटखट, बॉयलरची शिट्टी, आणि वाऱ्याबरोबर येणारा तो उकळत्या रंगाचा आंबूस वास. पाहुणे आले की नाक दाबायचे. आम्हाला गावी गेलं की तो वास नसल्याने चुकल्यासारखं व्हायचं. माय ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायची, त्यावर ठेचा आणि कच्चं तेल. रविवारी मात्र भाऊ सायकल काढून लोचो आणायचा, आणि माय म्हणायची, "हे काय बिघडलेलं खमण आणलंस परत?" म्हणायची आणि सगळ्यांत जास्त तीच खायची.

भाऊ म्हणजे किशोर, माझा थोरला भाऊ. त्याने मिलमध्ये लागावं ही आबांची फार इच्छा. तो लागलाही, पण थोड्याच दिवसांत सोडून आला आणि उधन्याच्या रस्त्याला एका टपरीत मोटारसायकली दुरुस्त करू लागला. पुढे तेही कमी केलं आणि फक्त जुन्या गाड्यांचे कार्बोरेटर धरले. इंजिनाला हवा आणि पेट्रोल मोजून पाजणारा मुठीएवढा भाग, जस्ताचा ओतीव. गाडी जुनी झाली की तो काळा पडतो, पांढरी बुरशी धरतो. बाकीचे मेकॅनिक तो पॉलिशच्या चाकावर धरून आरशासारखा करून द्यायचे आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं. भाऊचं डोकं तिथे सटकायचं. कारखान्यातून तो आला तेव्हा चकचकीत नव्हताच, त्याच्यावर एक मंद, पिवळसर, किंचित मळकट झाक होती, ती परत आणायची, हा त्याचा हट्ट. कोणी म्हणालं, "भाई, जरा चमकवून द्या," की हा म्हणायचा, "मग स्टीलचा तांब्या बसव ना गाडीला!" असं बोलल्यावर धंदा कसा चालणार? पण चालायचा बाई. ज्यांना कळत होतं ते लांबून यायचे.

ते काम आमच्या मागच्या ओट्यावर व्हायचं आणि त्यातलं निम्मं मी करायचे. मी कॉलेजात कॉमर्स शिकत होते, पण हात त्या कामात होते. आधी रॉकेलमध्ये भिजवायचं, मग रिठ्याच्या कोमट पाण्यात. मग ओली काचेची भुकटी आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन कोपरा न् कोपरा घासायचा, म्हणजे चमक न येता धातू एकसारखा उघडा होतो. शेवटी आबांच्या मिलमधून आणलेलं बायक्रोमेट. नारिंगी पाणी, त्यात ॲसिडचे थेंब, आणि त्यात तो सांडशीने धरून बुडवायचा. जरा कमी बुडवला तर रंग धरत नाही, जरा जास्त झाला तर विटकरी होतो. काढला की गार पाण्यात, आणि मग सावलीत ठेवून द्यायचा. दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, कारण तोवर ती झाक ओली असते आणि बोटाचा ठसा कायमचा धरते. आता मी रबरी हातमोजे आणि तोंडाला मास्क लावल्याशिवाय त्या पाण्याजवळ कोणाला फिरकू देत नाही. तेव्हा आम्ही उघड्या हातांनी करायचो आणि त्याच पिवळ्या बोटांनी भाकरी खायचो. देवच राखत होता म्हणायचं. पण मग त्याने सगळ्यांनाच का नाही राखलं, असंही येतं मनात.

भाऊला कावीळ झाली. आधी कोणा वैदूचा पाला झाला, मग गल्लीतला डॉक्टर, मग मोठा दवाखाना. त्याचे डोळे पिवळे झाले तेव्हा आबा त्याच्या उशाशी बसून त्या डोळ्यांकडे चिंधी बघितल्यासारखे बघत राहायचे. आणि तो गेला. याहून जास्त मला त्या दिवसांचं सांगता येत नाही, कारण माझ्यापर्यंत काही पोचलंच नाही. घरात चूल पेटली नव्हती. शेजारणी आळीपाळीने पिठलं-भात आणून देत होत्या आणि मी जेवत होते. चव नव्हती, पण घास उतरत होता. बायका मायच्या गळ्यात पडून रडत होत्या, मी त्यांना पाणी देत होते. शेजारच्या सुमनकाकू मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "पोर रडनी नही. दगड शे का काय?" माय तिथूनच म्हणाली, "रडी तवय रडी. तुम्ही चहा घ्या." मला वाईटही वाटलं नाही. खरंच रडू येत नव्हतं. भाऊची चप्पल दाराशी होती, ती मी केर काढताना उचलायची आणि केर काढून झाला की परत तिथेच ठेवायची.

आबा मिलला जायला लागले. यायचे, हातपाय धुवायचे, बसायचे. बोलायचे नाहीत. मायच एकटी काय ते बोलायची, आम्हा दोघांशी, भांड्यांशी, गटारीतल्या रंगाशी.

त्याच सुमारास होमीकाका आले. नानपुऱ्यातले म्हातारे पारशी, डोक्यावर काळी टोपी, हातात काठी. त्यांच्या वडिलांची इंग्लिश मोटारसायकल होती, दोन सिलिंडरची, म्हणून तिला कार्बोरेटरही दोन. जोडीच. ते दोन्ही भाऊकडे दिलेले होते. भाऊने एक पूर्ण केला होता, दुसरा रॉकेलच्या डब्यात तसाच पडून होता. काही गाड्यांत डावा-उजवा वेगळा असतो, यांत तसं नव्हतं. एकाच साच्यातले, अंगाखांद्याने अगदी सारखे. होमीकाकांनी कामाचा विषयच काढला नाही. पाणी प्यायले, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "दीकरी, मने कंई उतावळ नथी. एम ने एम आपी दे तो पण चाले." घाई नाही, आहे तसे दिलेस तरी चालेल.

तेव्हा आबा बोलले. इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज ऐकून मी दचकले. म्हणाले, "नाही. पूर्ण करून देऊ."

आणि लगेच माय स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "शेठ, एक मागू का? जो माझ्या किशोरने केला, तो मला राहू द्या."

आबा तिच्यावर खेकसले, "जोडी मोडायची का लोकांची?" पण होमीकाकांनी हात वर केला. म्हणाले, गाडी आता ओसरीतच उभी असते, पळवायची कोणाला आहे? एक तुम्ही ठेवा, दुसरा मला द्या, त्याच्या जोडीचा मी मुंबईच्या जुन्या बाजारातून शोधीन. माय त्यांच्या पाया पडायला गेली तर ते घाबरून उठूनच उभे राहिले.

असं ते ठरलं. भाऊच्या हातचा एक आमचा, आणि त्याच्याशी तंतोतंत मिळणारा दुसरा आम्ही करून द्यायचा. तंतोतंत हा शब्द आबांचा. होमीकाकांनी काही तशी अट घातली नव्हती. पण आबांच्या दृष्टीने भाऊने केलेला तो पार्टीचा नमुना होता आणि नमुन्याशी शेड मिळाल्याशिवाय माल मिलच्या बाहेर जात नाही. त्यांनी मिलच्या रिवाजाप्रमाणे भाऊच्या कार्बोरेटरला लाल दोरा बांधला. मिलमध्ये नमुन्याच्या चिंधीला असाच दोरा टाचतात, म्हणजे आपल्या ट्रायलच्या चिंध्यांत ती मिसळून जात नाही. तो दोरा बांधताना त्यांची बोटं फार सावकाश चालली होती.

मी घासायला बसले. कॉलेजातून आलं की ओट्यावर, अंधार पडेपर्यंत. हात चालत होते आणि डोकं रिकामं होतं, आणि ते रिकामं असणं मला बरं वाटत होतं. घासून झाल्यावर रंगाच्या ट्रायल. भाऊच्या भंगाराच्या डब्यात फुटके-तुटके जस्ताचे तुकडे होते, त्यांवर मी आधी बुडवून बघायची. आबा पाळी संपवून आले की आम्ही तो तुकडा आणि भाऊचा कार्बोरेटर घेऊन उत्तरेच्या दारात उभे राहायचो. उन्हात रंग खोटा दिसतो आणि बल्बखाली त्याहून खोटा. आबा दोन्ही शेजारी धरायचे, मान तिरकी करायचे.

"हिरवं मारतंय."

दुसऱ्या दिवशी, "आता लाल मारतंय. ॲसिड कमी कर."

मग, "जवळ आलंय. पण हा फार जिवंत आहे. जरा मरू दे."

मिलमध्ये रंग मंद करायचा असला की असंच म्हणतात, थोडा मरू दे. त्यांनी ते म्हटलं आणि आम्ही दोघंही तसेच उभे राहिलो, भाऊचा कार्बोरेटर मध्ये धरून. आत मायने ताटं वाढली होती. तिने हाक मारली, परत मारली, मग ताटांवर ताटं झाकून ठेवली. असं रोजच व्हायला लागलं. काम नसलं तरी तो दोरा बांधलेला कार्बोरेटर समोर ठेवून आम्ही बसायचो. आबा त्याच्याकडे बघायचे, मी त्यांच्याकडे बघायची. भाकरी गार व्हायची. कोणी आलं-गेलं, आम्हाला पत्ता नसायचा. मला तेव्हा वाटायचं की आम्ही काम करतो आहोत.

आणि एकदाची तुकड्यावर शेड उतरली, तेव्हा मी होमीकाकांचा कार्बोरेटर बुडवला. मी सांडशी वर काढली, गार पाण्यात बुडवली, सावलीत ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी आबांनी दोन्ही दारात नेऊन धरले. खूप वेळ धरले. मग म्हणाले, "पास." मिलमध्ये म्हणतात तसंच, कोरड्या आवाजात. पण मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दोरा सोडू नकोस ग. मलासुद्धा नाही ओळखता येणार."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. वर्षभर घरात सण करायचा नव्हता, तोरण नाही, गोडधोड नाही. पण हत्यारांची पूजा करायचीच असं मायने ठरवलं. सुमनकाकू म्हणाल्या, "सुतकाच्या वर्षात कसली पूजा?" माय म्हणाली, "सण नही करसूत. पन त्यानी हत्यारं उपाशी नही ठेवसूत." मी कॉलेजात होते, आबा मिलमध्ये. संध्याकाळी उजेड असताना आम्ही दोघं मागेपुढेच घरी आलो. पाटावर भाऊचे पाने, पेचकस, पक्कड, मांडून ठेवलेले. मधोमध ते दोन कार्बोरेटर, पुसलेले, दोघांनाही हळद-कुंकू, दोघांवर झेंडूचं एकेक फूल.

आबांनी विचारलं, "दोरा?"

"कोनता दोरा?"

"लाल दोरा! किशोरच्याला बांधलेला!"

"तो तेलकट, काळा पडलेला? देवासमोर असला ठेवू का मी? चुलीत टाकला."

"अगं पण किशोरचा कोणता यातला? कोणता कुठे ठेवलास?"

माय पदराला हात पुसत म्हणाली, "माले काय माहीत. दोन्ही सारखेच. पुसले नि ठेवले."

आबांनी फुलं बाजूला केली, कुंकू पुसलं आणि दोन्ही उचलून दारात गेले. मी मागून गेले. उजेड अजून चांगला होता. त्यांनी हा वर धरला, तो वर धरला, उलटे केले, जागा बदलली. ज्या माणसाने अख्ख्या पांडेसऱ्याच्या चिंध्या डोळ्यांनी ओळखल्या, तो उंबऱ्यात उभा राहून आपल्या पोराचं काम शोधत होता आणि ते त्याला सापडत नव्हतं. मग माझ्या हातात दिले. मी ठसा शोधला. निदान कुठे बोट लागलं असेल, ब्रशचा ओरखडा असेल, कोपऱ्यात भुकटी राहिली असेल. काही नव्हतं. भाऊ काम फार स्वच्छ करायचा, आणि मी त्याच्याच हाताखाली शिकलेली होते. सकाळी आबांनी परत दारात जाऊन बघितलं. मग आत येऊन ते दोन्ही पाटावर ठेवले, आणि भिंतीकडे तोंड करून मोठ्याने रडले. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा. मी उभी होते. मला नाही आलं.

दसऱ्याला होमीकाका आले. आबांनी त्यांना काय झालं ते सांगितलं, मान खाली घालून. होमीकाकांनी दोन्ही हातांत घेऊन बघितले. मग म्हणाले, "तो पछी बेन पोते ज पसंद करे." बेन म्हणजे माय; तिनेच निवडावा. मला वाटलं, आता माय मोडून पडणार. जे तिने मागून घेतलं होतं ते तिच्याच हाताने गेलं होतं. पण तिने पाटाजवळ जाऊन भाजीवाल्याकडचं वांगं उचलावं तसा एक उचलला, दुसरा होमीकाकांच्या रुमालात ठेवला, आणि चहा टाकायला आत गेली.

आमचा तो कार्बोरेटर देवाच्या फळीवर गेला. पण गंमत बघा, त्याच्यासमोर बसून राहणं आम्हाला परत जमलं नाही. बसणार तरी कशासमोर? तो भाऊचा असेल, नसेल. आबा जेवायच्या वेळी पाटावर येऊ लागले. एका रविवारी उठले आणि स्वतःच लोचो घेऊन आले. भाऊची चप्पल कधीतरी दारातून हलली, कोणी हलवली ते मी विचारलं नाही.

मी ते काम सोडलं नाही. लग्न झालं, मुलं झाली, सचिन गावात माझं स्वतःचं वर्कशॉप झालं. आज लोक मोबाईलवर फोटो पाठवतात आणि विचारतात, बाई, मूळ रंग येईल का? येतो, मी आणते. बाकी सगळं ठीक झालं, फक्त ते आतलं झाकण बसलं ते बसलंच. आबा गेले तेव्हा मी बायकांना पाणी दिलं. मुलीच्या पाठवणीत सगळा मांडव रडला, मी केटररशी हुज्जत घालत होते. नवरा म्हणायचा, तुझं काळीज लोखंडाचं आहे. मी म्हणायची, जस्ताचं.

माय शेवटची माझ्याकडेच होती. खाटेवरून उठवत नव्हतं, पण तोंड पहिल्यासारखंच चालू. एका दुपारी तिने फळीकडे बोट केलं. "तो काढ खाली. तू घे. तुन्हाच शे."

मी म्हटलं, "भाऊचा असला तर?"

"नही. तुन्हा शे, तू केलेला. त्याचा मी शेठला दिला."

मला काही कळेचना. म्हटलं, "माय, तुला तरी कुठे ठाऊक होतं?"

ती माझ्यावर चिडली. "दोरा कोणी सोडला व्हता? मीच ना? मग कोणाचा सोडला ते मला दिसलं नसेल? आंधळी व्हती का मी?"

"मग आबा विचारत होते तेव्हा का नाही सांगितलंस? रडले ते! आणि तूच तर मागून घेतला होतास भाऊचा!"

"घेतला व्हता," ती म्हणाली. मग दम खाल्ला. "पन तुम्ही दोघं त्याच्यासमोर बसून दगड झाले व्हते. भाकऱ्या वाळून जायच्या. एक पोर गेलं, आणि घरातली दोन माणसं त्याच्यामागे चालली व्हती. तो घरात राहिला असता तर तुम्ही उठलेच नसते. गेला त्याचं देऊन टाकलं. ऱ्हायनी तिन्हं ठेवं."

राहिली तिचं ठेवलं. इतकी वर्षं ती रोज आंघोळ करून त्या फळीपुढे हात जोडत होती आणि त्या फळीवर माझं काम होतं. मी कार्बोरेटर खाली काढला. मळकट पिवळा, कुठेही न डागाळलेला. बघता बघता तो धूसर दिसायला लागला आणि आधी कळलंच नाही की काय होतंय. माय बघत होती. तिने हात पुढे करून माझा हात धरला आणि म्हणाली, "ले माय. आते रडी ले."

आणि मी रडले. भाऊसाठी, आबांसाठी, गार झालेल्या त्या सगळ्या भाकऱ्यांसाठी, खाटेचा गज धरून हमसून हमसून रडले. हातातला कार्बोरेटर ओला झाला होता. जस्त ओलं राहिलं की पांढरा डाग धरतं, म्हणून आधी पदराने तो कोरडा केला आणि मग डोळे पुसले.